कानाची फिर्याद, नाकाची झडती

मानवी देहाच्या कारभारात डोळ्यांना स्वतंत्र खाते आहे, दातांना आहे, फार काय, कातडीलाही आहे. परंतु कान, नाक आणि घसा हे तीन महाल मात्र एकाच सुभेदाराच्या हवाली केलेले आढळतात. केवळ काटकसरीच्या धोरणाने ही व्यवस्था झाली असावी, असा सामान्य माणसाचा ग्रह असतो, आणि तो दूर व्हावयास कानाला एकदा सज्जड दडे बसावे लागतात. माझ्या उजव्या कानाला ते बसले, तेव्हा लसूण घालून कढवलेले तेल, गरम मिठाची पुरचुंडी आणि आमच्या वडील बंधूंच्या कपाटाची किल्ली हे सर्व गृहोपचार निष्फळ ठरल्यावरच माझी रवानगी एका नाणावलेल्या तज्ज्ञाकडे झाली.

मधोमध भोक असलेला वाटोळा आरसा कपाळावर बांधलेल्या त्या गृहस्थांनी माझी तक्रार शांतपणे ऐकली आणि प्रथम डावा कान पाहिला. मग नाकपुड्या चिमट्याने फाकवून त्यांची कसून झडती घेतली, आणि उजवा कान पाळीची वाट पाहत ताटकळत असतानाच माझी जीभ फडक्यात धरून बाहेर ओढली, वाफ धरू नये म्हणून स्पिरिटच्या दिव्यावर ऊब दिलेला चिमुकला आरसा पडजिभेपर्यंत नेला व फर्मावले, "ई म्हणा." स्वतःची जीभ परक्याच्या मुठीत असताना 'ई' म्हणण्याचा प्रसंग ज्याच्यावर आला नसेल, त्याला त्या स्वराची दुर्लभता कळावयाची नाही. माझ्या मुखातून जे बाहेर पडले त्याला कोणत्याही वर्णमालेत थारा मिळाला नसता. तथापि डॉक्टरांनी 'ठीक' असा शेरा मारला.

या प्रकाराचा आद्य प्रवर्तक वैद्य नव्हता, गवई होता. मानुएल गार्सिया या स्पॅनिश गायनाचार्याने १८५४ साली दंतवैद्याचा आरसा आणि सूर्यप्रकाश यांच्या साहाय्याने स्वतःच्याच स्वरतंतूंचे दर्शन घेतले. शिष्याच्या गळ्यातले दोष पाहणारे बुवा आमच्याकडे उदंड आहेत. पण आपल्या गळ्यात डोकावण्याची उत्सुकता विरळाच. गार्सिया १०१ वर्षे जगला, हेही नमूद करण्याजोगे आहे.

पुढे थरथरता नादकाटा माझ्या कपाळावर टेकवून नाद कोणत्या कानात मोठा, असा सवाल झाला. ज्या कानाच्या बहिरेपणाची फिर्याद मी आणली होती, नेमका त्याच कानात तो घुमत होता! माझा साक्षीदार भर कचेरीत उलटला आणि डॉक्टर मात्र प्रसन्न झाले. मळाने वाट बुजली की बाहेरचा गलबला आत येत नाही व हाडांतून आलेला नाद त्या बाजूस ठळक भासतो; सबब अडथळा वाटेतच आहे, असा निवाडा त्यांनी दिला. नाकाच्या झडतीचे कारण विचारता, मध्यकर्णातून निघून नाकाच्या मागे उघडणाऱ्या सुमारे साडेतीन सेंटिमीटरच्या एका नळीचा उल्लेख झाला. घोट गिळताना ही नळी उघडते आणि कानाच्या पडद्यामागची हवा खेळती राहते. पडशाने तिचे तोंड सुजले की कान दडपतो. तीन महालांच्या मध्ये सरहद्द अशी मुळी आखलेलीच नाही.

मळ धुण्याचे काम कंपाउंडरकडे सोपवण्यात आले. पिचकारीतले पाणी अंगाच्या उष्णतेइतके कोमट असावे, असा दंडक आहे; त्या दिवशीचे बहुधा माठातले असावे. कारण पहिल्याच धारेसरशी भिंतीवरचे घड्याळ, खुद्द कंपाउंडर आणि धन्वंतरीची तसबीर ही सारी मंडळी माझ्याभोवती प्रदक्षिणा घालू लागली. थंड पाण्याने अंतःकर्णातील अर्धवर्तुळाकार नलिकांतला द्रव हालतो आणि माणसाचा तोल सुटतो, याचा छडा व्हिएन्नाच्या रॉबर्ट बारानी यांनी रुग्णांच्या अशाच गाऱ्हाण्यांवरून लावला, आणि १९१४ सालचे नोबेल पारितोषिक त्यांना मिळाले तेव्हा ते रशियनांच्या युद्धकैदेत होते. मला त्याच घेरीबद्दल बिल मिळाले.

कान मोकळा झाला, याविषयी वाद नाही. कानासाठी गेले असता डॉक्टर नाकाकडे वळले, तर वाचकांनी खुशाल वळू द्यावे. पिचकारी लागण्यापूर्वी पाण्यात बोट बुडवून पाहण्याचा आपला हक्क मात्र त्यांनी अवश्य बजावावा.