पॉम्पेई पाहिलं, कान्हेरी राहिली

बोरिवलीकर हल्ली क्रूझवर जातो. बोट नेपल्सला लागते, तेव्हा धक्क्यावर त्याच्या नावाची पाटी धरून खासगी गाइड उभा असतो. एसी गाडी, युरोत बिदागी, तासाभरात पॉम्पेई! इ. स. 79 मध्ये राखेखाली गाडलेल्या त्या गावातले शिशाचे नळ पाहून तो हात जोडायचाच बाकी राहतो. "त्या काळात पाण्याची अशी सोय!"

साधारण त्याच सुमारास त्याच्या घरामागच्या डोंगरात भिक्षूंची कान्हेरी आकाराला येत होती. शंभराहून जास्त लेणी आणि बहुतेकांपाशी पावसाच्या पाण्याचं टाकं. पण तिथं नावाची पाटी धरून कोण उभं राहणार? शाळेच्या सहलीत तो गेला होता म्हणे. आठवतं ते माकडानं पळवलेलं वेफर्सचं पाकीट.

अंधेरीकराला महाकाली ठाऊक आहे ती रिक्षावाल्याला पत्ता सांगण्यापुरती. तिथं 19 लेणी आहेत.

"बोट कुणासाठी थांबत नाही," असा दम नेपल्सचा तो गाइड देतो. रोज फास्ट लोकल पकडणाऱ्याला हे सांगायला युरो कशाला?

बॅलार्ड पिअरला उतरलेले परदेशी पाहुणे मात्र गाडी करून कान्हेरी गाठतात. बोरिवलीकरांनी स्टेशनच्या पूर्वेला उतरावं. कान्हेरी ज्या राष्ट्रीय उद्यानात आहे, ते सोमवारी बंद असतं.