फाईल माणूस ओळखते

महाराष्ट्रातल्या कुठल्याही तहसील कचेरीत, नगरपालिकेत किंवा जिल्हा परिषदेत जुना कागद मागायला गेलेल्या माणसाला एक उत्तर हमखास मिळते: ‘सदर संचिका कार्यालयीन अभिलेखात शोध घेतला असता आढळून आली नाही.’ शोध कोणी घेतला, कोणत्या कपाटात घेतला, किती वेळ घेतला, यातले काही त्यात नसते. त्यामुळे लोकांचा असा समज झाला आहे की सरकारी दफ्तरात सगळी अंदाधुंदी आहे, कागद वाळवी खाते, उंदीर कुरतडतात, उरलेले पावसाळ्यात भिजतात. हा सरकारवर अन्याय आहे. आमचे म्हणणे असे की फाईल सहसा हरवत नाहीच. ती माणूस ओळखते. कोणाच्या हाताला लागायचे आणि कोणाच्या नाही, हे तिला पक्के ठाऊक असते, आणि याला पुरावा आहे.

पहिला पुरावा खुद्द दफ्तराच्या रचनेचा. आपल्याकडे कार्यालयीन कामासाठी सहा गठ्ठे पद्धत आहे. चालू प्रकरणे एका गठ्ठ्यात, उत्तराची वाट पाहणारी दुसऱ्यात, नियतकालिके, स्थायी आदेश, अभिलेख कक्षात पाठवायच्या फाईली आणि शेवटी नष्ट करायचे कागद. प्रत्येक निकाली फाईलवर वर्ग पडतो: ‘अ’ म्हणजे कायम जपायची, ‘ब’ म्हणजे तीस वर्षे, आणि असे उतरत ‘ड’पर्यंत, जिचे आयुष्य वर्षभराचे. नष्ट करायची तरी यादी करावी लागते, मंजुरी घ्यावी लागते. म्हणजे सरकारी कागदाला जन्म आहे, जात आहे, आयुर्मर्यादा आहे आणि मृत्यूचा दाखलाही आहे. त्यावर २००५चा महाराष्ट्र सार्वजनिक अभिलेख अधिनियम आहे, ज्यात अभिलेख बेकायदा नष्ट करणाऱ्याला पाच वर्षांपर्यंत कैदेची तरतूद आहे. इतक्या पहाऱ्यातून एखादी बांधकाम परवानगी निसटून जाते, असे ज्याला वाटत असेल त्याने प्रशासनाच्या शिस्तीबद्दलचे आपले मत तपासून पाहावे.

दुसरा पुरावा त्याहून भक्कम, आणि तो सरकारनेच मोठ्या अभिमानाने जाहीर केलेला आहे. मराठा समाजाच्या कुणबी नोंदी शोधण्यासाठी सप्टेंबर २०२३मध्ये निवृत्त न्यायमूर्ती संदीप शिंदे यांची समिती नेमली गेली. आरक्षणाच्या वादात शिरायचे इथे कारण नाही; आम्हाला कौतुक आहे ते शोधाचे. ऑक्टोबर संपता संपता सरकारने सांगितले की मराठवाड्यात सुमारे पावणेदोन कोटी कागद तपासून झाले आणि साडेअकरा हजार नोंदी मिळाल्या. पुढे काम राज्यभर गेले आणि नोंदींचा आकडा ५४ लाखांच्या वर पोचला. कोतवाल बुके निघाली, शाळांची प्रवेश रजिस्टरे निघाली, निजामाच्या काळातले उर्दू कागद निघाले, मोडी वाचणारी माणसे शोधून आणून कामाला बसवली गेली. ज्या अभिलेख कक्षांची दारे इतरांसाठी कुरकुरतसुद्धा नव्हती, त्यांतून शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वीचा कागद, अपरिचित लिपीतला, दोन महिन्यांच्या आत उजेडात आला. तेव्हा वाळवी कुठे होती? उंदीर बहुधा रजेवर होते. याच कपाटांतून २०१६ची गटार बांधकामाची मोजमाप पुस्तिका मागा. ती मराठीत आहे, बाळबोध लिपीत आहे, आणि ‘आढळून येत नाही’.

यावर पहिला आक्षेप येतो तो असा: समितीच्या मागे अख्खी यंत्रणा होती, एकट्या अर्जदारासाठी तेवढी माणसे आणायची कुठून? पदे रिक्त आहेत, रेकॉर्ड कीपरकडे आणखी तीन टेबलांचा भार आहे, हे खरेच आहे. पण एकट्या अर्जदाराने पावणेदोन कोटी कागद मागितलेले नसतात. त्याला एक फेरफार हवा असतो. शिवाय महाराष्ट्राच्या माहिती अधिकार नियमांप्रमाणे २०१२पासून त्याच्या अर्जात एकच विषय असावा लागतो आणि तो साधारणपणे दीडशे शब्दांत बसवावा लागतो. नागरिकाला एवढी आखीव भाषा शिकवल्यावर त्याचा कागद कुठल्या गठ्ठ्यात आहे हे कळायला अडचण नको. आणि माणसे कमी पडतात ती अर्ज येत राहतात म्हणूनही. माहिती अधिकार कायद्याच्या कलम ४ने प्रत्येक कार्यालयाला आपल्या अभिलेखांची सूची करायला आणि सतरा प्रकारची माहिती न मागता प्रसिद्ध करायला सांगितले. त्यासाठी १२० दिवस दिले. कायदा झाला जून २००५मध्ये. ते १२० दिवस बहुतेक कार्यालयांत अजून चालू आहेत. जे भिंतीवर किंवा संकेतस्थळावर असायला हवे ते मागायला माणूस खिडकीशी येतो, आणि मग खिडकी म्हणते, गर्दी फार होते.

दुसरा आक्षेप अधिक चविष्ट आहे: माहिती मागणारे ब्लॅकमेलर असतात. काही असतात, नाकारण्यात अर्थ नाही. एखाद्या बिल्डरच्या नकाशाची नक्कल काढायची, मग त्याला फोन करायचा, हा धंदा राज्यात चालतो. पण ब्लॅकमेल होण्यासाठी त्या कागदात काहीतरी असावे लागते, हे आक्षेप घेणारे विसरतात. स्वच्छ मोजमाप पुस्तिकेवर कोणालाही खंडणी मिळत नाही. तोच नकाशा सर्वांना खुला केला तर धमकी द्यायला उरते काय? धंदा चालतो तो दार बंद असल्यामुळे. आणि मागणाऱ्यांच्या यादीत तळेगाव दाभाड्याचे सतीश शेट्टीही होते, जमीन व्यवहारांचे कागद मागणारे. १३ जानेवारी २०१० रोजी सकाळी त्यांचा खून झाला. त्यांना ब्लॅकमेलरांच्या रांगेत उभे करणाऱ्याने आधी तेवढी तारीख वाचावी.

तिसरा आक्षेप नवा आहे आणि कायद्याचे कपडे घालून आला आहे: खासगीपणा. पूर्वी माहिती अधिकार कायद्याच्या कलम ८खाली व्यक्तिगत माहिती नाकारताना तिचा सार्वजनिक कामाशी संबंध नाही, असे दाखवावे लागे. आणि जी माहिती विधिमंडळाला नाकारता येत नाही ती नागरिकालाही नाकारता येणार नाही, असे एक वाक्य त्या कलमात होते. डिजिटल व्यक्तिगत माहिती संरक्षणाच्या २०२३च्या कायद्याने ही दोन्ही कुंपणे काढली आणि नोव्हेंबर २०२५पासून तो बदल लागू झाला. आता ठेकेदाराचे नाव व्यक्तिगत, लाभार्थ्याचे नाव व्यक्तिगत, सही करणाऱ्या अभियंत्याचे तर विचारूच नका. खासगीपणा हा खरा हक्क आहे आणि आजाऱ्याच्या केसपेपरवर तो हवाच. पण रस्त्यातल्या खड्ड्याला अब्रू असते, हे आम्हाला अलीकडेच कळले. व्यापक जनहितासाठी माहिती देता येते, हे कलम ८(२) अजून शाबूत आहे. फक्त ते जनहित आता अर्जदाराने सिद्ध करायचे, तेही दीडशे शब्दांत.

मग अपील करा, असे सांगितले जाते. करावे. तीस दिवसांत उत्तर नाही आले तर पहिले अपील त्याच कार्यालयातल्या वरच्या साहेबांकडे, जे बहुधा शेजारच्या केबिनमध्येच बसतात. त्यांनी जास्तीत जास्त ४५ दिवसांत निकाल द्यायचा. मग नागरिकाने ९० दिवसांच्या आत माहिती आयोगाकडे दुसरे अपील करायचे. सगळ्यांना मुदती आहेत. आयोगाने दुसरे अपील किती दिवसांत निकाली काढावे, एवढेच कायद्यात लिहायचे राहून गेले. राज्यातली प्रलंबित अपिले-तक्रारी लाखाच्या घरात गेलेल्या आहेत. दोषी अधिकाऱ्याला रोज अडीचशे रुपये, कमाल पंचवीस हजार दंड आहे खरा, पण तारीख लागेपर्यंत तो अधिकारी बदलून गेलेला असतो आणि त्याच्या जागी आलेला म्हणतो, हे माझ्या काळातले नाही.

तेव्हा फाईल मागू नये, फाईलचा माग काढावा. अमुक प्रकरण कोणत्या तारखेला निकाली निघाले, त्याला कोणता वर्ग दिला, अभिलेख कक्षाच्या नोंदवहीत ते कोणत्या पानावर चढले, नष्ट केले असल्यास मंजुरीचा आदेश आणि यादीची प्रत, आणि नष्ट केले नसल्यास हरवल्याची पोलिसांत दिलेली तक्रार. यातले काही नसेल तर तसे लेखी द्यावे, म्हणावे. शिवाय २०१८च्या शासन परिपत्रकाने जिल्हा स्तरावरच्या कार्यालयांत आणि स्थानिक संस्थांत दर सोमवारी दुपारी तीन ते पाच अभिलेख पाहायला दिले आहेत. त्या वेळी परिपत्रकाची प्रत सोबत न्यावी, कारण ती त्या कार्यालयात आढळून येईलच असे नाही. अर्ज दीडशे शब्दांच्या आत सहज मावतो. दहा रुपयांचे कोर्ट फी तिकीट लावायला मात्र विसरू नये. बिनतिकिटाचा अर्ज कार्यालयाला लगेच सापडतो.