शेवंती आणि खांबावरचा दिवा

यंदा आमच्या शेवंतीने संप केला. दिवाळी झाली, तुळशीचं लग्न झालं, सकाळी बोलताना तोंडातून वाफा निघायला लागल्या, तरी तिन्ही कुंड्यांत नुसता पाला. तोही इतका तजेलदार, की धड रागही येईना. शेणखत घालून झालं, शेंडे खुडून झाले, शेजारच्या मावशींच्या सल्ल्यावरून ताकाचं पाणीही पाजून झालं. शेवटी वनस्पतिशास्त्र शिकवून निवृत्त झालेले एक सर चहाला आले. त्यांनी कुंड्यांकडे पाहिलंच नाही, मान वर करून खांबाकडे पाहिलं.

"हा दिवा कधी लागला?"

शेवंतीला कळी धरायला मोठी रात्र लागते म्हणे, आणि तीही सलग. मधे उजेड पडला की तिला अजून उन्हाळाच चालू आहे असं वाटतं. हरितगृहवाले फुलं लांबवायची असली की मुद्दाम रात्री बल्ब लावतात. आमच्या दारात ती सोय फुकटात झाली होती.

आता खरं सांगायला हरकत नाही. त्या दिव्यासाठीचा अर्ज मीच लिहिला होता. गल्लीत अर्ज लिहायचं काम माझ्याकडे असतं. 'लहान लेकरं, वयोवृद्ध नागरिक व सरपटणारे प्राणी' असं एक वाक्य मी त्यात घातलं होतं आणि ते मला फार आवडलंही होतं. चौदा सह्या घेतल्या. दिवा आला तो असा पांढराफेक, की रात्री अकराला अंगणात सुईत दोरा ओवावा.

मग हिनं ठरवलं की रोज संध्याकाळी सहाला कुंड्यांवर खताची रिकामी पोती झाकायची आणि सकाळी सातला काढायची. ठरवलं हिनं, झाकायची मी. तिसऱ्या दिवशी समोरच्या आबांनी विचारलंच, "काय झाकायलाव हो रोज?" मी म्हणालो, "शेवंती निजवायलोय." त्यावर ते काही बोलले नाहीत, पण त्या दिवसापासून माझ्याशी जरा हळू आवाजात बोलायला लागले. आठव्या दिवशी आबांची शेळी आली. ही जात मोठी हुशार. जिल्ह्याचं नाव बदललं, कचेऱ्यांच्या पाट्या बदलल्या, पण शेळी अजून उस्मानाबादीच. काळी कुळकुळीत, आणि एका वेळी दोन करडं देण्यात नावाजलेली. म्हणजे पोतं उचललं एका तोंडानं आणि कुंडी संपवली तिघांनी. उरल्या दोन कुंड्या. पोती झाकायचा माझा उत्साह मात्र जराही उरला नाही.

तोवर येळवस आली. कॅलेंडरात छापतात वेळा अमावस्या, मार्गशीर्षातली. कानडीत एळ्ळु म्हणजे तीळ, त्यावरून तिळाची अमावस्या ती येळवस, असं एक म्हणणं. दुसरी म्हणणी बांधाबांधावर ऐकायला मिळतात. लातूर, सोलापूर आणि आमच्या उमरगा, लोहारा, तुळजापूर भागाबाहेर हा सण समजावून सांगताना घसा सुकतो. शिवाय तो नोकरदाराची परीक्षा घेतो. मध्ये अधिक महिना आल्यामुळे २०२३ साली येळवस आलीच नाही. २०२२च्या डिसेंबरात झाली ती एकदम ११ जानेवारी २०२४ला, आणि त्याच वर्षी ३० डिसेंबरला पुन्हा. स्थानिक सुट्टीचा असा दुष्काळ आणि असा ओला दुष्काळ लागोपाठ बघितलेली माणसं आहोत आम्ही. यंदा १९ डिसेंबर २०२५, शुक्रवार.

सकाळी शहरातले रस्ते संचारबंदी लागल्यासारखे ओस. ज्याला शेत आहे तो शेतात, ज्याला नाही तो शेत असलेल्याकडे. आम्ही लोहाऱ्याकडे, चुलतभावाच्या शेतात. जाताना मी बाजारातून पावशेर शेवंती घेतली. पांडवांना वाहायला.

काकूंनी पिशवीत डोकावून पाहिलं. "काय रं, फुलं इकत आणलास व्हय?"

मी मान वर केली आणि गप्प झालो. ज्वारीच्या कडेनं करडईचे पाटे होते, पिवळ्यातून केशरीकडे निघालेले. करडई कडेला घालतात ती शोभेसाठी नव्हे. तिचे काटे बघून जनावर आत शिरत नाही. हरभऱ्यात वाकून पाहावं तर पानाआड ज्वारीच्या दाण्याएवढी जांभळी फुलं. तुरीवर पिवळं अजून होतं आणि शेंगाही. एका कोपऱ्यात काकूंचा हट्ट म्हणून चार सऱ्या जवस, आभाळाच्या रंगाचा. यातल्या कशालाही कुणी ताकाचं पाणी पाजलेलं नव्हतं.

पूजेसाठीची कडब्याची कोप मात्र पूर्वीसारखी राहिली नाही. पूर्वी घरच्या कडब्याच्या पेंढ्या टेकवल्या की झाली. आता शिवारभर सोयाबीन, ज्वारी हौसेपुरती. दादानं पेंढ्या विकत आणल्या होत्या. "फुलं तू इकत आणलास, कडबा मी आणला," तो माझ्या कानात म्हणाला, "काकूला सांगू नको." कोपीत चुना आणि काव लावलेले पाच दगड मांडून बसवले होते. ते पांडव. त्यांच्यापुढे उंडे, खीर, तिळाची पोळी, भज्जी. पुण्याहून आलेला भाचेजावई भज्जी म्हटल्यावर गरम तेलाची कढई शोधत होता. त्याला सांगावं लागलं की ही भजी नव्हेत. तुरीचे सोले, हरभरा, वाल, शेंगदाणे, मेथी, बोरं, चिंच असं रानात सापडेल ते शिजवून बेसन लावलेली ही भाजी आहे. त्यानं पहिला घास शंकेनं घेतला. चौथ्यांदा वाढून घेताना त्यानं शंका काढली नाही.

पूजा झाली. दादानं आंबिलाचा तांब्या घेतला आणि डहाळीनं पिकावर शिंपत आम्ही सगळे ओरडत शेताला फेरी मारली. ओरडायचं ते अर्धं कानडी आहे. अर्थ विचारला की प्रत्येक जण वेगळा सांगतो, पण आवाज सगळ्यांचा एकाच पट्टीत लागतो.

मग आंबिल. आदल्या दिवशी ताकात ज्वारीचं पीठ आंबवून, लसूण-जिरं घालून मडक्यात ठेवलेलं. गार, आंबट, निरुपद्रवी दिसणारं. शहरातला माणूस तीन तांबे पितो आणि 'काही चढत नाही' म्हणत जांभई देतो. भाचेजावई कडब्याला टेकून पुण्याचं घर कितीला घेतलं ते सांगत होता, तो आकडा पूर्ण व्हायच्या आतच गेला. मी आंब्याखाली आडवा झालो. हिवाळ्यातलं ऊन पोटावर होतं, झाडाला बांधलेल्या झोक्याचा दोर कुरकुरत होता, लेकरं नंबरावरून भांडत होती. माझा नंबर कुणी विचारला नाही.

घरी पोचायला रात्र झाली. गल्लीच्या तोंडाशीच काहीतरी चुकल्यासारखं वाटलं. काळाकुट्ट अंधार. खांबावरचा दिवा गेला होता. अमावस्याच ती, वर चांदण्यांचा नुसता सडा पडलेला, आणि खाली आबा बॅटरी घेऊन माझीच वाट बघत उभे.

"अर्ज लिहावा लागंल," ते म्हणाले.

"लिहू की."

"मागच्यासारखाच लिवा. ते सरपटणाऱ्याचं घाला."

मी अंधारातच दोन कुंड्या चाचपून पाहिल्या. कळी धरायला आणि उमलायला आठ-दहा आठवडे, असं सर म्हणाले होते; म्हणजे होळीच्या सुमाराला. दुसऱ्या दिवशी मी अर्ज लिहिला, आधीच्यापेक्षाही चांगला. सध्या तो माझ्या खिशात आहे. आबा रोज विचारतात. एक-दोन घरांच्या सह्या राहिल्यात, असं मी सांगतो.