फक्त दोन इंच

‘मागून फक्त दोन इंच उचलायचीय,’ हे वाक्य जीपकरांच्या तोंडून तुम्ही ऐकलं नसेल, तर तुम्ही भोरचे नाही आणि वेल्ह्याचेही नाही. (वेल्हे आता कागदोपत्री राजगड तालुका झालाय. जीपकरांचं म्हणणं, नाव बदलून काय होतंय, पाटे बदला.)

गाडी महिंद्राची जुनी सीजे थ्री-बी, उंच बॉनेटची. ‘छान ठेवलीय हो!’ असं म्हणायचं धाडस करू नका. महिंद्रांनी विलीज जीप जोडायला घेतली, तिथून व्याख्यान सुरू होतं. चेलाडी फाट्यावर चहा सांगितला, उकळला, पिऊन झाला, कप विसळले गेले, तरी आपण जेमतेम साठ सालात पोचलेलो असतो. या गाडीत कंपनीचं आता नेमकं काय उरलंय, हे विचारलेलं त्यांना फार आवडतं. ‘काही नाही!’ असं ते अभिमानाने सांगतात.

गाडी मागून उडते, हे मात्र खरं. मागच्या बाकावर बसून पाबे घाट उतरलेला माणूस दोन दिवस उभ्यानेच जेवतो. त्यावर जीपकरांचा उतारा स्प्रिंगच्या पॅराबोलिक पाट्यांचा. जुन्या थप्पीत पाट्यावर पाटा घासतो, म्हणून गाडी आखडते. नव्यात पाटे मोजकेच, मध्ये जाड, टोकांकडे निमुळते, आणि मध्यभाग नि टोकं सोडली तर एकमेकांना शिवत नाहीत. हे ऐकून वहिनी म्हणाल्या, ‘तुम्हा भावांसारखेच की!’ जीपकरांनी ते तांत्रिक समर्थन म्हणून स्वीकारलं.

मग चासी घोड्यांवर चढली. गंजलेले यू-बोल्ट रात्रभर डिझेल पिऊनही हलेनात, शेवटी गॅस कटरने तोडले. शॅकलचे बुश नवे बसले. ‘मालक, बुशाचे बोल्ट गाडी चाकांवर उभी राहिल्यावरच आवळायचे, नाहीतर रबर पिळवटतंय,’ असं मिस्त्री म्हणाला. जीपकरांनी हेच त्याला सकाळपासून तीनदा सांगितलं होतं. तो बिचारा फक्त सुटका शोधत होता.

गाडी दोन इंच उचलली गेली आणि खरं काम तिथून सुरू झालं. जुने शॉकअप आखूड पडले, लांब आणले. ब्रेकचा होज ताणला गेला, तो बदलला. प्रोपेलर शाफ्टचा कोन बिघडला, गाडी जराशी पळाली की खालून थरथर. म्हणून अ‍ॅक्सल आणि पाट्याच्या मध्ये लोखंडी पाचर मारली. हूड शेडच्या पत्र्याला लागलं, म्हणून पत्रा उचलला. किती? दोन इंच. आईंचा पाय पायरीला पुरेना, त्यांच्यासाठी लाकडी ठोकळा आला. त्याचीही उंची विचारू नका. कुणी मोटार वाहन कायद्याचं कलम 52 काढलं, की ‘कंपनीच्या रचनेत बदल करायला बंदी आहे, दोन इंचांना नाही!’ असा आवाज चढतो. तोही साधारण तेवढाच.

एवढं करून गाडी उडतेच. जरा जास्तच.

मिस्त्री शेवटी बोलला, ‘मालक, हिला ओझं द्या.’ त्याचं चुकत नव्हतं. अमेरिकन लष्कराच्या दप्तरी जीपची नोंद मोटार म्हणून नव्हतीच, पाव टनाचा ट्रक अशी होती. हा सगळा वंश भार घेऊन चालायला जन्मलेला. वेल्ह्याच्या वडापवाल्यांना हे न वाचता ठाऊक होतं. ते पाटे काढत नसत, उलट जास्तीचा एक घालत. मग आत माणसं, टपावर पोती, मागे लोंबकळणारे, आणि ड्रायव्हर निम्मा दाराबाहेर. जीपकर त्यांना ‘गाडीचे मारेकरी’ म्हणत आणि स्वतः मागे वाळूची पोती टाकून एकटेच फिरत. मुलगा पुण्यात. वहिनींनी मणक्यासाठी घाट सोडलेले. आईंना ठोकळा सापडला तरी जायचं कुठे?

या माणसाबद्दल बरं काही सांगायची वेळ येईल असं वाटलं नव्हतं, पण सांगतो. पावसाळ्यात केळदहून परत येत होतो. एसटी गेलेली, रस्त्याच्या कडेला इरली, छत्र्या, तांदळाची पोती. जीपकरांनी न विचारता गाडी थांबवली, वाळू खाली ओतली आणि सगळ्यांना आत कोंबलं. दहाएक असतील. मोजायला मान वळत नव्हती.

आणि गाडी अशी चालली, की मी दचकून खाली पाहिलं, रस्ता नवा झाला की काय! खड्डे तेच होते. जीपकर व्याख्यान विसरून गाडी हाकत होते. मागे कुणाच्या तरी सुनेवरून वाद रंगला होता आणि त्यातही ते मधून मधून मत देत होते.

वेल्ह्यात उतरल्यावर मी मागे जाऊन पाहिलं. गाडी बसली होती. बरोबर तितकीच.

एक म्हातारी पोत्याला टेकून जीपला हात लावत म्हणाली, ‘बाबा, लई ग्वाड चालती रं. कंपनीतनंच आशी आलीया व्हय?’

मी कानावर हात ठेवायच्या तयारीत होतो.

‘व्हय आजी,’ जीपकर म्हणाले, आणि तिचं पोतं खांद्यावर घेऊन तिच्या मागे चालू लागले.