हात उघडे, दावे मोठे

गाडी घसरली की माणूस आधी हात टेकतो. हे कुणी शिकवावं लागत नाही, शरीर आपणहून करतं. दुचाकीवर जो अवयव रस्त्याला सगळ्यात आधी भिडतो, तोच आपल्याकडे सगळ्यात उघडा असतो. हेल्मेटवरून पुण्यात वर्षानुवर्षं वाद झाले, मोर्चे निघाले. हातांच्या नशिबी साधा वादसुद्धा आला नाही.

मोटार वाहन कायद्याचं कलम १२९ डोक्यापुरतं बोलतं. फ्रान्सने २० नोव्हेंबर २०१६ पासून चालवणाऱ्याला आणि मागे बसणाऱ्याला, दोघांनाही प्रमाणित हातमोजे सक्तीचे केले. नसले तर ६८ युरो दंड, शिवाय चालवणाऱ्याच्या परवान्यावरचा एक गुण जातो. बेल्जियमने २०११ मध्येच हातमोजे, पूर्ण बाह्यांचं जॅकेट, लांब पँट आणि घोटा झाकणारे बूट बंधनकारक केले. आपल्याकडे उद्याच अशी सक्ती यावी असं मी म्हणत नाही. सक्ती आली की आठवड्याभरात फुटपाथवर दंड चुकवणारे स्वस्त हातमोजे येतील आणि त्यातलं काहीही रस्त्यावर टिकणार नाही. हेल्मेटच्या बाबतीत हे आपण पाहिलंय. मला आधी शहाणं गिऱ्हाईक हवंय. आणि प्रश्नाला सरळ उत्तर देणारा दुकानदार.

सध्याचा संवाद असा असतो:

"वॉटरप्रूफ आहेत ना?"

"एकदम, साहेब. वॉटरप्रूफ, विंडप्रूफ, सगळं."

"आणि पडलो तर?"

"चांगलं बोला, साहेब. पडायचं कशाला?"

हे उत्तर मला मान्य नाही. ही वस्तू पडण्यासाठीच घ्यायची असते. ऊब आणि पाणी नंतर.

फुटपाथवरच्या दोन-तीनशे रुपयांच्या जोडीचा सगळा थाट वरच्या बाजूला असतो. मुठीवर कार्बनसारखं दिसणारं कडक प्लास्टिक, मनगटावर कुठल्यातरी रेसिंग टीमचं नाव. ती जोडी उलटी करा आणि तळहात बघा. पातळ रेक्झिनचा एक थर, आत स्पंजचा तुकडा, एकेरी शिवण. मुठीवरचं कवच चिमटीत धरून हलवा. पुष्कळदा ते नुसतं डिंकावर बसलेलं असतं. माणूस तळहात टेकतो आणि माल सगळा पाठीवर लावलेला असतो. हा हातमोजा दुकानातल्या आरशासाठी बनवलाय.

तळहात टेकल्यावर काय होतं ते नीट समजून घ्या. अंगठ्याच्या मुळाशी, मनगटात, स्कॅफॉइड नावाचं छोटं हाड आहे. नुसतं कातडं किंवा रबर डांबराला पकडून बसतं, हात जागीच अडतो, मागून सगळ्या शरीराचं वजन येतं आणि हे हाड मोडतं. त्याला रक्तपुरवठा पुढच्या टोकाकडून मागे जातो. त्यामुळे मधोमध मोडलं तर मागच्या तुकड्याचं रक्त तुटू शकतं आणि जुळायला महिने लागतात. पहिल्या एक्स-रेत ही मोड कित्येकदा दिसतही नाही. 'मुरगळलंय' म्हणून माणूस तेल चोळत बसतो. सुतार, शिंपी, पोळ्या लाटणारी बाई, दिवसभर कीबोर्डवर बसणारा पोरगा, ज्याचं पोट हातावर आहे त्याला हे परवडणारं नाही. म्हणून चांगल्या हातमोज्यात तळव्याच्या टाचेला, मनगटाच्या जरा वर, कडक गुळगुळीत तुकडा असतो. रायडर त्याला स्लायडर म्हणतात. त्याचं काम एकच: हात अडकू न देता घसरू देणं. तो नसेल तर मुठीवर कितीही कार्बन असो, जोडी परत ठेवा.

दुसरी जागा करंगळी. एकटी, बारीक, बाहेरच्या कडेला. घसरताना ती दुमडून हाताखाली जाते. चांगल्या जोडीत करंगळी आणि अनामिका कातडी पट्टीने जोडलेल्या असतात किंवा करंगळीच्या बाहेरच्या कडेला जाड दुहेरी थर असतो. तिसरी जागा मनगट. मनगटाभोवती स्वतंत्र, घट्ट बसणारा पट्टा हवा. तो लावा आणि सोबतच्या माणसाला बोटांची टोकं धरून ओढायला सांगा. मोजा निघून आला तर रस्त्यावरही निघून येणार. ही परीक्षा काउंटरवर उभ्या उभ्या, फुकट होते. दुकानदाराने तोंड वाकडं केलं तरी करा.

आता लेबल. युरोपात मोटरसायकलच्या हातमोज्यांसाठी ईएन १३५९४ हे मानक आहे. त्याची २०१५ ची आवृत्ती दर्जेदार जोड्यांच्या आतल्या चिठ्ठीवर दिसते. तिथे मोटरसायकलस्वाराचं छोटं चित्र, हा क्रमांक आणि पातळी १ किंवा २ असते. तळहाताचं साहित्य घासणाऱ्या पट्ट्यावर पहिल्या पातळीला सरासरी किमान ४ सेकंद आणि दुसऱ्या पातळीला ८ सेकंद टिकावं लागतं. शिवणीची ताकद तपासतात. मोजा हातातून निसटतो का तेही तपासतात. मनगटाच्या वर पहिल्या पातळीला किमान १५ मिलिमीटर आणि दुसऱ्या पातळीला किमान ५० मिलिमीटर झाकलं गेलं पाहिजे. पुढे 'केपी' लिहिलेलं असेल तर मुठीवरचं कवच आघाताच्या चाचणीत उतरलंय असं समजा. नुसतं 'सीई' छापलेलं असेल तर त्यावर जाऊ नका, क्रमांक शोधा. बागकामाच्या मोज्यांवरही सीई असू शकतं. अशी जोडी आज भारतीय कंपन्याही बनवतात आणि दोन-अडीच हजारांपासून पुढे मिळते. फॅन्सी नंबरसाठी आरटीओत हजारो रुपये भरणाऱ्या माणसाने मला ही किंमत महाग आहे असं सांगू नये.

मापाचं बोलू. मुठीच्या गाठींवरून, अंगठा सोडून, तळहाताचा घेर टेपने मोजा. घालून बघताना हात सरळ ठेवून समाधान मानू नका. दुकानाबाहेर जा, आपल्या गाडीची मूठ धरा, क्लच आणि ब्रेक दाबा, इंडिकेटरचं बटण अंगठ्याने चाचपा. बोटांची टोकं आत दाबली जात असतील तर माप लहान. टोकाला रिकामी पिशवी लोंबत असेल तर ती लिव्हर आणि मुठीच्या मध्ये अडकेल. बायकांचे हाल याहून वाईट. पुण्यात, नाशकात निम्म्या स्कूटर बायका चालवताना दिसतात आणि बहुतेक दुकानांत मापं पुरुषांच्या मीडियमपासून सुरू होतात. त्यांच्या वाट्याला कोपरापर्यंतचे सुती उन्हाचे मोजे येतात. ते हात काळा पडू देत नाहीत, पण डांबरावर क्षणभरही टिकत नाहीत. छोटी मापं ठेवत नाही तो दुकानदार निम्म्या गिऱ्हाइकाला विनासंरक्षण परत पाठवतो.

थंडी आपल्याकडे नसतेच, असं मुंबईतला माणूस म्हणेल. त्याने डिसेंबरच्या पहाटे निफाडला यावं. पारा ६ अंशांवर असताना ६० च्या वेगाने गाडी हाकली, तर अमेरिका-कॅनडात २००१ पासून वापरात असलेल्या वाऱ्याच्या गारठ्याच्या सूत्रानुसार उघड्या कातडीला जवळपास शून्य अंशाची थंडी लागते. पहाटेचा दूधवाला, द्राक्षबागेवर निघालेला शेतकरी, एमआयडीसीच्या पहिल्या पाळीचा कामगार रोज हे सोसतात. बधिर बोटांनी ब्रेक उशिरा दाबला जातो. ६० च्या वेगात अर्ध्या सेकंदाचा उशीर म्हणजे आठ मीटर पुढे. उबेचा विचार इथून करा: ती चैन नाही, ब्रेकचाच भाग आहे.

आईने विणलेले लोकरीचे मोजे इथे कामाचे नाहीत. वारा त्यांच्या जाळीतून आरपार जातो आणि लोकर लिव्हरवरून सटकते. ऊब साहित्यात नसते, साहित्याने धरून ठेवलेल्या हवेत असते. म्हणून घट्ट मोजा जाड असला तरी गार पडतो: हवाही दाबली जाते आणि बोटांतलं रक्तही. थिन्सुलेटसारख्या अस्तरावर ४०, १०० असे आकडे असतात. ते दर चौरस मीटरचे ग्रॅम. आकडा वाढला की ऊब वाढते आणि जाडीही. हाताच्या पाठीवर जाड अस्तर आणि तळव्याला पातळ, अशी वाटणी असलेली जोडी निवडा. वारा पाठीवर आदळतो, मुठीचा अंदाज तळव्याला लागतो. गाडीला हँडगार्ड बसवले तर वारा बोटांपर्यंत पोचण्याआधीच अडतो. महाराष्ट्राच्या थंडीला हँडगार्ड, मध्यम अस्तर आणि आत पातळ रेशमी किंवा मेरिनो लोकरीचा मोजा पुरतो. लडाखला जाणाऱ्याने पुढचा विचार करावा. निफाडच्या दूधवाल्याला लडाखची जोडी विकू नये.

पावसाबद्दल मी ठाम आहे: युरोपातला सल्ला जसाच्या तसा इथे लावू नका. जलरोधक हातमोज्यात बाहेरचं कातडं आणि आतलं अस्तर यांच्यामध्ये पातळ पापुद्रा असतो; गोरटेक्स हे त्यातलं प्रसिद्ध नाव. पाण्याचा थेंब त्यातून आत येत नाही, घामाची वाफ बाहेर जाते. पण वाफ बाहेर जायला बाहेरची हवा आतल्यापेक्षा कोरडी असावी लागते. ऑगस्टात चिपळूणला किंवा ताम्हिणीत हवाच पाण्याने भरलेली असते. घाम जाणार कुठे? पाऊस अडतो आणि हात आतल्या आत भिजतो. वर बाहेरचं कातडं पाणी पिऊन जड होतं, वारा लागला की गार पडतं आणि आतल्या कोरड्या बोटांचीही ऊब ओढून घेतं.

अस्तराची एक परीक्षा दुकानातच करा. मोजा घाला, हात ओलसर करून पुन्हा घाला आणि झटक्यात काढा. पापुद्रा कातड्याला धरून शिवलेला किंवा चिकटवलेला नसेल तर अस्तर बोटांबरोबर उलटं बाहेर येतं. चहाला थांबलेल्या टपरीवर ती दहा बोटं पुन्हा जागच्या जागी बसवता येत नाहीत आणि पुढचा घाट उघड्या हाताने उतरावा लागतो. ईएन १३५९४ चा शिक्का आहे म्हणून मोजा पाणी अडवतो असंही समजू नका. ते दोन वेगळे दावे आहेत, दोन्हींबद्दल वेगवेगळं विचारा.

आणि बाही. हात खांद्यापासून हँडलकडे उतरता असतो, रेनकोटवरचं पाणी बाहीवरून खाली मनगटाकडे येतं. लांब मनगटाचा मोजा बाहीच्या वर चढवला की त्याचं नरसाळं होतं. बाही बाहेर, मोजा आत. महागडा मोजा गळका निघाला अशी तक्रार करण्याआधी एवढं तपासा.

तर घ्यायचं काय? एकाच जोडीत संरक्षण, ऊब आणि पाणी अडवणं, तिन्ही उत्तम, हा दावा मी मानत नाही. ऊब आणि पापुद्रा घातला की जाडी वाढते, जाडी वाढली की लिव्हरचा अंदाज कमी होतो. शहरात रोज फिरणाऱ्याने एक चांगली प्रमाणित जोडी घ्यावी. ती भिजली तरी तिची पकड सुटू नये आणि लवकर वाळावी. तिच्यावर चढवायला पातळ रबरी किंवा नायलॉनची पावसाळी खोळ डिकीत ठेवावी. खोळ लिव्हरवर घसरत नाही ना, हे कोरड्या दिवशी बघून घ्यावं. महाबळेश्वर, आंबोली, माळशेज अशा गार पावसात तासन् तास चालवणाऱ्याने पापुद्र्याची जोडी घ्यावी, तिथे ती पैसे वसूल करते. पहाटेच्या थंडीत चालवणाऱ्याने अस्तराची जोडी घ्यावी. भिजलेलं कातडं फ्रीजच्या मागे, चुलीपाशी किंवा कडक उन्हात वाळवू नका, ते कडक होऊन तडकतं. आत वर्तमानपत्राचे बोळे घालून सावलीत ठेवा, नाहीतर आपल्या पावसाळ्यात दोन दिवसांत बुरशी धरते.

शेवटचा मुद्दा, आणि माझ्यासाठी सगळ्यात महत्त्वाचा. दिवसभर रस्त्यावर असणाऱ्या डिलिव्हरीच्या पोरांकडे बघा. पाठीवरच्या पेटीला आतून उष्णतारोधक थर असतो, पावसात तिच्यावर आवरण चढतं. हँडलवरचे हात उघडे असतात. जेवण गरम पोचावं म्हणून कंपन्यांनी संशोधन केलं, हातांचा विचार मात्र मागेच राहिला. या पोरांना भागीदार म्हणा, कंत्राटी म्हणा, हात मोडला की त्या दिवसापासून त्यांची कमाई थांबते. नोंदणीच्या वेळी पेटीबरोबर प्रमाणित हातमोज्यांची एक जोडी देणं हे या कंपन्यांचं काम आहे, आणि कामगार खात्याने ते मागून घ्यावं. नवीन गाडीबरोबर हेल्मेट द्यायचा नियम केंद्रीय मोटार वाहन नियमांत आहे. त्याच ओळीत हातमोजे बसवायला कुणाची हरकत असू नये.

तोवर निदान आपल्या घरातल्या नव्या गाडीबरोबर जोडी आपण घ्या. मुलीला स्कूटर घेऊन देताना सीट कव्हर आणि क्रॅश गार्डच्या आधी तिच्या हाताचं माप घ्या. दुकानात पहिला प्रश्न विचारा: पडल्यावर टिकेल का? दुसरा: ब्रेक नीट दाबता येतो का? या दोन्हींचं उत्तर हो आलं, की मगच ऊब आणि पावसाबद्दल बोलायला सुरुवात करा.