आईबापांना पत्ता नाही

सेल्सफोर्स या ग्राहकांच्या नोंदी ठेवणाऱ्या प्रणालीत ग्राहकाचं अकाउंट हे पेरेंट रेकॉर्ड आणि त्या ग्राहकाची प्रत्येक तक्रार, म्हणजे केस, हे चाइल्ड रेकॉर्ड. ग्राहक फोनवर सांगतो, "घर बदललंय." ऐकणारा नवा पत्ता समोर उघड्या असलेल्या केसमध्ये टिपून मोकळा होतो. अकाउंटला त्याचा पत्ताच नसतो. बिल जुन्या घरी जातं, त्यावरून दुसरी केस उघडते आणि घराण्यात आणखी एका चाइल्डची भर पडते.

चाइल्डला वर पाहायची मुभा भरपूर. फॉर्म्युला फील्डमधून ते दहा पिढ्या वरच्या पूर्वजांची माहिती वाचू शकतं. लिहिता मात्र अक्षरही येत नाही. रोल-अप समरी हा वर निरोप पोचवायचा राजमार्ग. पण तो संख्या, बेरीज, किमान आणि कमाल एवढंच बोलतो, आणि अकाउंट व केसच्या लुकअप, म्हणजे सैल, नात्यात तोही मिळत नाही. (मिळाला असता तरी पत्त्यांची बेरीज करून करायचं काय?) म्हणून केसवर एक बटण हवं, जे दाबलं की केसमधला पत्ता अकाउंटवर जाईल.

सेल्सफोर्सच्या जुन्या रूपात, म्हणजे क्लासिकमध्ये, हे काम जावास्क्रिप्टच्या चार ओळींत उरकायचं. २०१५ साली लायटनिंग हे नवं रूप आलं. त्यात तसली बटणं चालत नाहीत. आता स्क्रीन फ्लो, म्हणजे पडद्यावर एकेक पायरी दाखवत चालणारी प्रक्रिया, बनवून तो केसवर क्विक ॲक्शन म्हणून लावतात. केसचा आयडी घेणाऱ्या व्हेरिएबलचं नाव रोमन लिपीत 'रेकॉर्डआयडी' असंच हवं: आर लहान, आय मोठा, शेवटचा डी लहान. यात चुकलं तर फ्लो रागावत नाही. आपण कोणाच्या कामाला निघालो हे विसरून नुसता चालत राहतो.

पुढे केसमधून अकाउंटचा आयडी घ्यायचा आणि 'अपडेट रेकॉर्ड्स'नं पत्ता बदलायचा. त्याआधी केसला अकाउंट आहे का ते पाहावं. अनाथ केसेस निघतात. नव्या पत्त्याचं फील्ड भरलंय का हेही पाहावं, नाहीतर रिकामा पत्ता वर जाऊन धडधाकट पत्ता पुसून टाकतो, तोही विलक्षण तत्परतेनं.

बटण दिसतं म्हणजे अधिकार आहे, असं नव्हे. फ्लो सहसा दाबणाऱ्याच्याच अधिकारानं चालतो. अकाउंट बदलायची परवानगी नसेल तर त्याला एक गूढ इंग्रजी वाक्य दिसतं आणि सविस्तर ईमेल फ्लोमध्ये शेवटचा बदल करणाऱ्याला जातं, जो हमखास रजेवर असतो. त्यासाठी फॉल्टची वेगळी वाट काढून साध्या मराठीत कारण सांगावं. काम झालं तरी 'पत्ता बदलला' अशी स्क्रीन दाखवावीच. नाहीतर माणूस बटण पुन्हा दाबतो. सुदैवानं तोच पत्ता दोनदा लिहिल्यानं बिघडत नाही.