टांगण्याजोगी गोधडी: साहित्य आणि कृती

कलात्मक गोधडी शिवायला घेण्यापूर्वी एक गोष्ट पक्की ठरवून टाकावी: तिच्याखाली कोणीही झोपणार नाही. पांघरायची ती वाकळ, टांगायची ती कलाकृती. हा भेद 1971 साली न्यूयॉर्कच्या व्हिटनी संग्रहालयाने मिटवला की पक्का केला, यावर वाद घालता येईल. त्यांनी अमेरिकेतल्या जुन्या गोधड्या भिंतीवर लावल्या आणि त्या एकदम अमूर्त चित्रांच्या रांगेत जाऊन बसल्या. शिवणाऱ्या बहुतेक जणी अनामच राहिल्या.

साहित्य: जुनं सुती लुगडं. आजीचं मिळालं तर प्रेरणेचा निम्मा प्रश्न तिथेच सुटतो. आजी हयात असल्यास आधी विचारावं. "अगं, पोतेरं कर त्याचं, पाणी छान शोषतं," असं ती म्हणेल. तिकडे दुर्लक्ष करावं. सिंथेटिक साडी घेऊ नये, थर एकमेकांवरून घसरतात. नवं कापड चहात बुडवून जुनं करणारे कलावंतही आहेत. करोत बापडे.

तंत्र विचारल्यास 'मिश्र' असं सांगावं. थोडं ठिगळकाम, थोडे ठसे, थोडी नीळ, मशीनची टीप, आणि जिथे काहीच जमलं नाही तिथे भरतकाम. हे सगळं झालं की उरतो धावदोरा, आणि तो मात्र सोंग खपवून घेत नाही. थर जमिनीवर अंथरावेत, कोपऱ्यांवर जड डबे ठेवावेत, तळहाताने सुरकुत्या बाहेर लोटाव्यात आणि मांडी ठोकून कडेपासून सुरुवात करावी. उत्तर कन्नडातल्या सिद्दी समाजाच्या बायका कवंदी नावाची गोधडी अशीच शिवतात: कडेने एक फेरा, त्याच्या आत दुसरा, असं करत मध्यापर्यंत, शिवाय कोपऱ्यांना घड्या घातलेल्या कापडाची फुलं. ओळ वाकडी गेली तर तिला 'मुक्त रेषा' म्हणावं. ही सवलत प्रदर्शनापुरतीच. मावशी बघत असेल तर मुकाट्याने उसवावं.

व्यक्तिगत प्रेरणेशिवाय प्रदर्शनात प्रवेश नाही. गोधडीशेजारी लावायच्या कागदावर 'स्मृती', 'विस्थापन' आणि 'अवकाश' यांपैकी दोन शब्द तरी हवेतच. लिहायची फारच हौस असेल तर अमेरिकी चित्रकार फेथ रिंगोल्डसारखं गोधडीवरच लिहावं. 1988 सालच्या 'टार बीच'मध्ये तिने न्यूयॉर्कमधल्या गच्चीवरची रात्र रंगवली आणि गोष्टही त्यातच लिहून टाकली. अलाबामातल्या जीज बेंडच्या मिसूरी पेटवेचं नाव मात्र कागदावर घेऊ नये. 1942 साली, नवरा गेल्यावर, तिने त्याच्या कामाच्या कपड्यांची गोधडी शिवली, पांघरून घेण्यासाठी. त्या गोधडीशेजारी आपला कागद फारच लांबलचक दिसू लागतो.

टांगण्यासाठी मागे, वरच्या कडेला साधारण 4 इंच रुंदीची नळीसारखी पट्टी शिवून त्यात दांडा घालावा. खिळे ठोकू नयेत. थेट ऊन लागू देऊ नये, रंग उडतो.

किंमत आईदेखत सांगू नये. तेवढ्या पैशांत सोलापुरी चादरी किती येतील, याचा हिशेब ती उभ्या उभ्या करून दाखवते, आणि तो चुकत नाही.